टीव्ही वेगळा, व्हीसीपी वेगळा, मामा वेगळे

एकाच वेळी दोन कामं करणाऱ्या वस्तूवर, माणसावर आणि देवावरसुद्धा विश्वास न ठेवणारा एकच माणूस या पृथ्वीवर जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. त्यांनी भर दुकानात माझं जे नुकसान केलं ते मी अजून विसरलेलो नाही. हे लिहून झाल्यावर विसरेन असंही कुणी समजू नये. पण माणूस असा की रागानं त्याच्याबद्दल सांगायला बसावं आणि चार वाक्यांत आपणच हसायला लागावं.

मामा शिरवळजवळच्या खेड्यातले. मिलिटरीच्या वर्कशॉपात वायरलेस सेट दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली, पेन्शन घेऊन गावी आले. त्यांच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात छत्री. छत्री टेकत चाला की, म्हटलं तर म्हणायचे, "छत्री पावसाची नोकर हाय. तिला चालाया कशाला लावायची?" गळ्यात दोऱ्यांनी अडकवलेले दोन चष्मे, एक जवळचा आणि एक लांबचा. साताऱ्याच्या चष्मेवाल्यानं दोन्ही नंबर एकाच काचेत बसवून देतो म्हटल्यावर ते त्याच्या दुकानातून जे उठले, ते पुन्हा त्या रस्त्यानं गेले नाहीत. प्रवासाला दोन पिशव्या, न्यायच्या सामानाची वेगळी आणि आणायच्या सामानाची वेगळी, त्यामुळे दोन्ही वेळा एक पिशवी रिकामीच हिंडायची. कराडच्या स्टँडवर एकदा आम्ही मिसळ मागवली तर यांनी उसळ वेगळी, फरसाण वेगळं, कांदा वेगळा आणि रस्सा वेगळा मागून घेतला आणि एकेक पदार्थ संपवत गेले. वेटर मला हळूच म्हणाला, "पाहुण्यांना पथ्य हाय का?" देवांचीही वाटणी झालेली होती. प्रवास गणपतीकडे, पीकपाणी खंडोबाकडे. खंबाटकी घाटात एस.टी. बंद पडली तेव्हा मी वैतागून खंडोबाचं नाव घेतलं, तर शेजारून आवाज आला, "जावईबापू, हे खातं त्येंच्याकडं न्हाई."

हा नियम ते स्वतःलाही लावायचे. लग्नकार्यात त्यांना एक काम सांगितलं की तोफ डागली तरी माणूस जागचा हलत नसे, आणि दुसरं सांगितलं तर ऐकू गेल्याचंही दाखवत नसे. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, सुमनचं लग्न झालं तेव्हा मामी हयात नव्हत्या, म्हणून कन्यादानाला थोरला भाऊ आणि भावजय बसले. मामांनी कोठी घेतली. ज्यांनी आमच्याकडची लग्नं पाहिली आहेत त्यांना कोठी म्हणजे काय ते सांगायला नको. तूप, साखर, डाळी, जिलेबीच्या पराती, सगळं एका खोलीत आणि किल्ली एका विश्वासू माणसाकडे. मंगलाष्टका सुरू झाल्या, सगळा मांडव अक्षता घेऊन उभा राहिला, आणि नवरीचा बाप तुपाच्या डब्यांपाशी बसून. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "कोठी कुनाच्या जिवावर सोडू?" मी म्हटलं, "मी बसतो." म्हणाले, "तुमी आल्याला पावन्यांचं बघा. येकाला येक काम." पाठवणीलाही ते बाहेर आले नाहीत. सुमन कोठीच्या दारात जाऊन पाया पडून आली आणि मिलिटरीतल्या नवऱ्याबरोबर पार आसामला निघून गेली.

त्या लग्नाचं व्हिडिओ शूटिंग मी ठरवून दिलं होतं. माझी सांगलीत भांड्यांची दुकानदारी. हातगाडीवर ॲल्युमिनियमची पातेली विकत वर आलेला माणूस मी, त्यामुळे समोरच्यानं सांगितलेला भाव दिला तर मला त्या रात्री जेवण जात नाही. शूटिंगवाल्यालाही मी इतका खाली आणला की शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, "मग साहेब, दुसरी कॅसेट देणार नाही. एकच कॉपी मिळेल, आणि मूळ टेपवर मी पुढचं लग्न घेणार." मी म्हटलं, एक तर एक. लग्न काय रोज बघायचंय? हे वाक्य मला पुढं फार महागात पडणार होतं, पण त्या वेळी मी सौदा जिंकल्याच्या आनंदात होतो.

आता माझी तक्रार. त्या दिवाळीला घरात टीव्ही आणि कॅसेट लावायचं यंत्र घ्यायचं ठरलं. नवीनच आलेला सेट मी हेरून ठेवला होता: टीव्हीच्याच पोटात व्हीसीपी. वायरी नाहीत, दोन प्लग नाहीत, समोरच्या फटीत कॅसेट सरकवली की चित्र सुरू. बायको म्हणाली, "मामांना घेऊन जा, त्यांना मशिनीतलं कळतं." साताऱ्यात भाव बरा मिळतो म्हणून आम्ही दोघं तिथं भेटलो. सेट बघून मामांनी जवळचा चष्मा लावला, मग लांबचा लावला, आणि निकाल दिला, "जावईबापू, ह्यो टीव्ही न्हाई, ह्ये लगीन हाय. येकाला ताप आला की दोगं बी आंथरुणात. टीव्ही येगळा घ्या, व्हीसीपी येगळा घ्या." मी म्हटलं, "मामा, जरा स्टुलावर बसा."

पुढचे दोन तास मी जो भाव केला तसा माझ्या हातून पुन्हा झाला नाही. तीन चहा झाले. दोनदा मी पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो आणि दोनदा दुकानदारानं हाका मारून परत नेलं. तो म्हणाला, "साहेब, याच्या खाली आलो तर दुकानाला कुलूप घालून मला तुमच्याकडं नोकरीला यावं लागेल." आता शेवटचा डाव. मी खिशातलं पाकीट काढलं, त्याच्यासमोर पालथं केलं आणि पडेल चेहऱ्यानं म्हटलं, "शेठ, एवढेच आहेत. परतीचं तिकीटसुद्धा यातच आलं." दुकानदाराचा चेहरा उतरला. तो हात पुढं करणार, एवढ्यात स्टुलावरून अतिशय अभिमानानं आवाज आला, "आवं शेट, तसं काय न्हाई. आमचं जावईबापू लय शिस्तीचं. अगदी माझ्यावानी. सौद्याचं पाकीट येगळं, पैशाचं पाकीट येगळं. पैशाचं आतल्या बंडीत हाय."

दुकानदारानं हात मागं घेतला आणि माझ्या सदऱ्याकडे बघितलं. मग दुकानदार हसला, नोकर हसले, टेप बघायला आलेलं एक जोडपं हसलं. मामाही हसले, कारण त्यांना वाटलं सगळे माझं कौतुक करताहेत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शहाणा माणूस तिथून निघून गेला असता. मी बंडीतून पैसे काढले आणि दुकानदारानं सकाळी सांगितलेल्या पहिल्या भावाला तोच सेट उचलला, केवळ मामांना दाखवायला. स्टँडवर मी त्यांना रामराम घातला नाही. पुढं चार महिने बोललोही नाही.

होळीच्या सुमारास एक दिवस सकाळीच ते सांगलीला दारात उभे. काठी, छत्री, दोन चष्मे, दोन पिशव्या. बायको म्हणाली, "मामा, अगोदर कळवायचं तरी." ते म्हणाले, "कॅसेट चालतीया का बघाया आलोय." सुमनच्या लग्नाची कॅसेट होती. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं आणि गावात भाड्यानं व्हीसीपी आणला की अख्खी आळी पटकूर टाकून समोर बसते. मला कळलं की या माणसानं ते लग्न अजून पाहिलेलंच नाही आणि आळीसमोर त्याला पाहायचं नाही. एवढ्यासाठी तो, ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्या जावयाच्या दारात आला होता. मी नुसतं "बसा" म्हटलं आणि ऐटीत कॅसेट फटीत सरकवली.

गणपतीपूजन झालं, हळद झाली. मामा लांबचा चष्मा लावून ताठ बसले होते. सुमन बोहल्याकडे निघाली आणि त्याच क्षणी चित्र थरथरलं, पोटातून करकर आवाज आला आणि पडदा निळा झाला. मी बटण दाबलं. कॅसेट बाहेर येईना. पुन्हा दाबलं, मग थापड मारली. बायको ओरडली, "आवं, मारताय काय त्याला!" एकच कॉपी. मूळ टेपवर कुणाचं तरी दुसरं लग्न चढलेलं.  आता मामा म्हणणार, 'सांगितलं होतं.' म्हणायलाच हवं होतं, त्यांच्या जागी मी असतो तर चार वेळा म्हटलं असतं. मामा नुसते निळ्या पडद्याकडे बघत राहिले, आणि ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

थोड्या वेळानं उठले, प्लग काढला आणि म्हणाले, "आता कुनी हात लावायचा न्हाई. ट्यूबमदी करंट ऱ्हातो." न्यायच्या सामानाच्या पिशवीतून कापडाची गुंडाळी निघाली. तिच्यात ओळीनं अकरा स्क्रूड्रायव्हर, प्रत्येक स्क्रूला आपला वेगळा. "मामा, हे बरोबर आणलं होतंत?" मी विचारलं. "मशीन कुठलं हाय ते ठावं हुतं न्हवं," ते म्हणाले. तेवढाच काय तो टोमणा.

दुपारचं ऊन खिडकीतून कलेपर्यंत ते त्या सेटसमोर मांडी घालून बसले होते. मागचं झाकण निघालं, वायरींचे झुबके निघाले, मग व्हीसीपीची पेटी सुटी होऊन बाहेर आली. आत टेप रिळांच्या दातांत गुंतून आतड्यासारखी बाहेर आली होती. ते एका बोटानं चाक उलटं फिरवत आणि दुसऱ्या बोटानं टेप सोडवत. बोलणं नाही, चहा नाही. मी विचारलं, "बॅटरी धरू का?" म्हणाले, "धरा. फकस्त बॅटरी धरा, बोलू नका." माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प राहिलेलो नाही. शेवटी कॅसेट त्यांच्या हातात आली. चष्म्याच्या रुमालानं, घामाच्या नव्हे, त्यांनी टेप पुसली, जवळच्या चष्म्यातून वीतभर तपासली आणि म्हणाले, "तुटली न्हाई. ईतभर चुरगाळलीया." पाठीवरचं पोतं कुणी उतरवून घ्यावं तसं मला झालं. बायको तर पदर डोळ्याला लावून देवापुढे साखर ठेवायला पळाली.

व्हीसीपीची पेटी त्यांनी पुन्हा आत बसवलीच नाही. नुसतं झाकण लावून सेट सुरू केला आणि समाधानानं म्हणाले, "ह्यो आता फकस्त टीव्ही. येकाच कामाचा झाला, सुखी हुईल." मी चपला घालून कोपऱ्यावरच्या व्हिडिओवाल्याकडे गेलो. त्यानं दिवसाचं भाडं सांगितलं, मी काढून दिलं. तो दचकला. "साहेब, भाव न्हाई केला? घरी समदं ठीक हाय न्हवं?"

भाड्याचा व्हीसीपी जोडला, दारं लावून घेतली, कॅसेट पुन्हा लावली. सुमन बोहल्याकडे निघाली, पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या. रेघांच्या पलीकडून लाउडस्पीकरवर आहेर पुकारले जात होते आणि नेमकं माझं नाव, माझ्या पितळी भांड्यांचा संच आणि मी टोपी सावरून कॅमेऱ्याकडे बघतो ते सगळं, तेवढंच त्या वीतभर टेपबरोबर फरफटून गेलं होतं. रेघा गेल्या आणि लख्ख चित्र आलं: अंतरपाट, अक्षता, हार. मंगलाष्टकांतलं एक अक्षर गेलं नव्हतं. "तुमचा आहेर गेला वो जावईबापू," मामा हळहळले. मी म्हटलं, "जाऊ द्या." मला खरंच काही वाटलं नाही. पुढं आठवडाभर वाटत राहिलं, ती गोष्ट वेगळी.

मग पाठवणी आली. सुमन सगळ्यांच्या गळ्यात पडत होती आणि सारखी मान वळवून एकीकडे बघत होती. शूटिंगवाल्याला ते काय कळणार, तो तिचा चेहराच धरून होता. मामा उठले. त्यांनी लांबचा चष्मा काढला, जवळचा लावला आणि पडद्यापासून हातभर अंतरावर जाऊन बसले. "कोठीकडं बघतीया," ते म्हणाले. "चार वेळा बघितलं तिनं."  उरलेली पाठवणी त्यांनी तशीच, काचेला नाक लावून पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. कॅसेट आणायच्या सामानाच्या पिशवीत गेली होती, म्हणजे मामांच्या हिशेबात ती आता इथून मिळालेली वस्तू होती. गाडी लागली तसे ते चढता चढता थांबले. "जावईबापू, दोन कामं येकदम मला कवाच जमली न्हाईत. कोठी राखायची अन् पोरगी बी सासरी धाडायची. म्या त्यातलं सोपं काम घेतलं." मला वाटलं आता पाकिटाचं काढावं, चार महिन्यांची तक्रार ऐकवावी. "संभाळून जा," एवढंच माझ्या तोंडून आलं.

ते खिडकीशी बसले. गाडी हलली तसा त्यांनी लांबचा चष्मा लावला आणि माझ्याकडे बघत राहिले. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.