वेळेआधी आलेला तिसरा अंक

श्री. तात्यासाहेब माळवदे, म्हणजे आपणा सर्वांचे तात्या, यांची आणि माझी पहिली भेट साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर ठरली होती. मी सकाळपासून स्टँडवर होतो. तात्या सांगलीहून संध्याकाळी उतरले. कराडला चहा घेताना एका निवृत्त सुभेदारांशी गप्पा रंगल्या आणि गाडी निघून गेली. "गाडी काय, दुसरी येती. असला सुभेदार परत कुटनं आणायचा?" एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. आणि या गृहस्थांबरोबर मला नाटक लिहायचे होते!

मी कचेरीतला माणूस. पहाटे आंघोळ उरकून, कागदाला समास आखून रोज लिहिणारा. तात्या महिनोन्महिने एक ओळ लिहीत नाहीत. पहिले दोन अंक आम्ही दोघे बोलून ठरवतो आणि मी लिहितो. तिसरा अंक त्यांचा, आणि तालमीत नट उभे राहिल्याशिवाय तो त्यांना सुचत नाही. नटाच्या तोंडी शब्द कसे बसतात हे न ऐकता शेवट लिहिणे म्हणजे माप न घेता सदरा शिवणे, असे ते म्हणतात. तत्त्व उत्तमच आहे. फक्त नाट्यस्पर्धा तोंडावर आली की लेखनिकाची झोप उडते.

पहिल्याच नाटकाची तालीम सांगलीत चालली होती. प्रयोग चार दिवसांवर आला, तरी शेवटाचा पत्ता नव्हता. आईचे काम करणाऱ्या सुशीलाबाईंचा धीर सुटला. "आवं तात्या, शेवट कुटं हाय?"

"तुमच्याजवळच हाय की. फौजेतला ल्योक लय वर्सांनी दारात उभा हाय. काय म्हनाल त्याला?"

बाई म्हणाल्या, "म्हनायचं काय त्यात? जेवलास का रं, म्हनीन."

तात्यांनी तिथेच जमिनीवर बसकण मारली आणि लिहायला घेतले. मी कागद पुरवत होतो. प्रयोगात त्या वाक्याला सारे प्रेक्षागृह रडले. मी मात्र विंगेत, पुढचे वाक्य नटाला आठवते की नाही या धास्तीने रामरक्षा म्हणत होतो. पुढची सगळी नाटकेही अशीच, जीव मुठीत धरून झाली.

तात्या वेळेआधी आलेले मी एकदाच पाहिले. माझ्या पत्नीचे मिरजेला ऑपरेशन होते. पत्रात मी तशी जाता जाता एक ओळ लिहिली होती. आम्ही दवाखान्यात पोचलो, तर तात्या थर्मास घेऊन बाकावर आधीच बसलेले. दिवसभर ते हलले नाहीत, की बोलले नाहीत. आणि तात्यांचे न बोलणे म्हणजे काय, हे आपण सारे जाणताच. डॉक्टर हसत बाहेर आले तेव्हा माझ्याआधी तेच रडले. संकट आले की त्यांचे घड्याळ पुढे धावते, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणूनच गेल्या महिन्यात माझी गाळण उडाली. नव्या नाटकाचे दोन अंक मी नुकतेच सांगलीला धाडले होते. नटही अजून ठरले नव्हते. आणि पोस्टाने तिसरा अंक घरी आला. पुरा, स्वच्छ अक्षरात, चक्क समास आखून! तो वाचण्याआधी मी फोन लावला.

"तात्या, बरे आहात ना?"

"छातीत जरा दुकतंय अलीकडं. म्हटलं, या वक्ताला तुमास्नी ताटकळत ठिवू नये."

मी फोन ठेवला. तात्या वेळेवर लिहीत नाहीत म्हणून इतकी वर्षे घाबरलो, ती भीती किती सुखाची होती! पथ्य पाळले तर काळजी नाही, असे डॉक्टर सांगतात. माझे मन काही ऐकत नाही.

अंक अतिशय सुरेख आहे. तरी मी तो परत पाठवला आहे. नट उभे राहिल्याखेरीज शेवट लिहायचा नाही, हा त्यांचाच नियम त्यांना कळवला आहे.

या अमृतमहोत्सवी वर्षी तात्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, त्यांनी शंभरी पाहावी, ही प्रार्थना. आणि तात्या, हात जोडून सांगतो, तिसऱ्या अंकाची मुळीच घाई नाही.