एकोणिसावा चौकोन

खैरनार पहिल्यांदा ग्रंथालयात आले तेव्हा त्यांनी पुस्तक मागितलंच नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत मी ग्रंथपाल होतो, ते बॉयलर विभागात तंत्रज्ञ. म्हणाले, "लायब्ररीवाले, आलेखाचा कागद मिळेल का? चोवीस माणसं बसवायचीत."

माणसं म्हणजे व्हिडिओ गेममधले लढवय्ये. नाशिकरोडच्या एका पार्लरमध्ये मशिनं शेजारी शेजारी उभी होती, प्रत्येकात मारामारीचा वेगळा खेळ. या मशिनमधला पहिलवान त्या मशिनमधल्या तलवारवाल्याशी कधीच भिडू शकत नव्हता. मध्ये पत्रा होता. खैरनारांना तो पत्रा खुपायचा. सगळ्या खेळांतून माणसं निवडून एकच खेळ करायचा झाला तर कोण कोण घ्यावं, याची यादी ते करत होते. वय चाळिशीचं, घरी बायको आणि मुलगी. पण हा छंद ते बॉयलरच्या नोंदीइतक्या काटेकोरपणे सांभाळत.

एका खेळातून चारच माणसं. दोघांची लढायची तऱ्हा सारखी नको. आणि उमेदवाराला घेऊन स्वतः पन्नास लढती खेळल्याशिवाय त्याचं नाव शाईनं लिहायचं नाही, तोवर पेन्सिल. "जिंकल्यावर सगळेच हात वर करतात," ते म्हणत. "हरताना कसा पडतो ते बघायचं. माणूस तिथं कळतो."

त्यांचा लाडका होता एक म्हातारा पहिलवान. फारशा न चाललेल्या खेळातला, जाडा, संथ. पार्लरमध्ये त्याला कुणी निवडत नसे. खैरनार त्याला 'बाबा' म्हणत, आणि त्याच्याबद्दल बोलताना गावाकडची, नामपूरची अहिराणी आपोआप तोंडात येई: "हाऊ आपला मानूस शे." तरी यादीत बाबा नव्हता. चोवीस चौकोन भरले होते.

"एखाद्याला काढा की," मी म्हणालो.

"मला आवडतो म्हणून? मग दुसऱ्याच्या लाडक्यानं काय पाप केलंय?"

पुढे पार्लरमध्ये खरोखरच तसली एक सीडी आली, वेगवेगळ्या खेळांतली माणसं एकत्र आणणारी. खैरनारांनी अर्धी रजा टाकली आणि मलाही ओढून नेलं. निवडीच्या पडद्यापुढे ते इतका वेळ थांबले की मागची पोरं वैतागली.

"काका, घ्या ना कुणालातरी! स्थळं बघताय का?"

"हो. तुम्ही नारळ घेऊन या."

बाहेर आल्यावर मात्र चेहरा उतरला होता. "पोस्टरवर कोण शोभतो ते बघून निवडलेत. निम्म्यांची लाथ एकच." आता वही मिटणार असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ते आलेखाचे आणखी कागद मागायला आले.

मग त्यांच्याच वहीत चूक निघाली. घरी टीव्हीला जोडून खेळायच्या आमच्याकडच्या कॅसेटी नकली असत. बनवणारा वाटेल तसं नाव आणि कपड्यांचा रंग बदलून टाकी. सातव्या आणि एकोणिसाव्या चौकोनातला माणूस एकच होता. खैरनारांनी तो पडण्यावरून ओळखला. "दोघं आधी उजवा गुडघा टेकतात, मग डावा हात. लायब्ररीवाले, मी एकाच माणसाला दोन पानं वाढली!"

"बरंच झालं. आता बाबाला बसवा."

"जागा रिकामी दिसली म्हणून नाही बसवायचा. पन्नास."

"आजवर शेकड्यानं खेळला असाल त्याला घेऊन."

"ती हौस होती. ती धरायची नाही." एकोणिसाव्या चौकोनात त्यांनी पेन्सिलीनं 'बाबा' लिहिलं.

त्याच वर्षी त्यांची मूत्रपिंडं बिघडली. आठवड्यातून दोनदा नाशिकला डायलिसिस. मधल्या दिवशी ते घरी टीव्हीपुढे बसत, सुजलेल्या हातानं एक लढत खेळत, फार तर दोन. वहिनी म्हणाल्या, "लिहून टाका ना नाव. कोण विचारायला येणार आहे?" खैरनारांनी मान वळवली नाही. "वहीत खोटं लिहू?"

एक्केचाळीस लढती झाल्या आणि ते गेले.

तेराव्यानंतर वहिनींनी वही आणि कॅसेट माझ्यापुढे ठेवली. "भाऊ, नऊ राहिल्यात. मला त्यातलं काही कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. मी जन्मात ते बटण दाबलं नव्हतं. आठ लढती मी मिनिटभराच्या आत हरलो. नववीतही बाबाची ताकद संपत आली, तेव्हा मी बटणांवरची नजर काढली आणि पडद्याकडे पाहिलं. बाबा कोसळला नाही. आधी खाली बसला. कमरेचं वस्त्र सारखं केलं, समोरच्याला हात जोडले, आणि मग कुशीवर आडवा झाला.

दारात उभ्या असलेल्या वहिनी पडद्याजवळ आल्या. मग म्हणाल्या, "दवाखान्यात सुई टोचायच्या आधी हेही असंच करायचे. चादर सारखी करायची, नर्सला नमस्कार करायचा, मग पडायचं."

मी त्यांच्याकडे खैरनारांचं पेन मागितलं. पेन्सिलीचं नाव खोडलं नाही. त्यांच्याच अक्षरांवरून, वळण न मोडता, सावकाश शाई फिरवली.