दोन केबली, एकच चर

सोलापूरच्या दवाखान्यातून लिहितेय. साडीवर रक्ताचे डाग आहेत, तेव्हा आज माझ्याकडून गोड भाषेची अपेक्षा ठेवू नका.

आमच्या नळदुर्गात सकाळी हायवेच्या कामावरच्या जेसीबीने फायबर केबल तोडली. नेट गेलं, मोबाइलही मुके झाले. दुपारी केबल जोडणारा बालाजी खड्ड्यात उतरला, तर जमावाने त्याला कॉलर धरून वर ओढलं. एकाने फावड्याचा दांडा डोक्यात घातला. दुसऱ्याने त्याचं जोडणीचं मशीन दगडाने ठेचलं.

मी मध्ये घुसले. "अरे नालायकांनो, जोडणाऱ्यालाच मारता?"

"आजी, तुमी बाजूला व्हा. सकाळपासनं बँक बंद हाय, अन् ह्यो आत्ता उगवतोय व्हय?"

"आजी असेल तुझ्या घरी! आधी त्या खड्ड्यात बघ."

टेलिफोन खात्यात माझा जन्म गेला. एक केबल तुटली तर दुसरीवर काम चालावं, म्हणून दुसरी वेगळ्या रस्त्याने न्यायची, हा तिथला पहिला धडा. खड्ड्यात दोन्ही केबली शेजारी शेजारी तुटून पडल्या होत्या. दोनदा खणायचा कंटाळा, दुसरं काय!

बालाजी कोसळला तेव्हा दांडा मारणाराच घाबरून ॲम्ब्युलन्सला फोन लावू लागला. लागणार कसा? शेवटी टमटममध्ये घालून आणला. अजून शुद्धीवर नाही.

दोन्ही केबली एकाच चरात पुरायला परवानगी देणारा साहेब कोण, हे त्या गर्दीत एकानेही विचारलं नाही. तुमच्या गावची दुसरी केबल कुठून जाते, विचारलंय कधी?