अकराचा टोल

आमच्या इमारतीत वीज छपरावरून येते आणि हुकूम तिसऱ्या मजल्यावरून. तिथे शिपाईकाका राहतात, बरोबर माझ्या डोक्यावर. पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत टोल दिले. शाळेत विजेची घंटा आली आणि काका निवृत्त झाले, तेव्हा तो पितळी टोल ते घरी घेऊन आले. मुख्याध्यापकांना विचारून आणला, असं ते म्हणतात. मला शंका आहे.

आम्ही बारा घरांनी पदरमोड करून छपरावर सौर पॅनेल बसवली आणि जिन्याखाली एक बॅटरी ठेवली. बॅटरी बेताचीच. म्हणून बैठकीत ठरलं, की वॉशिंग मशीन, इस्त्री, पंप असलं जड काम ऊन असेपर्यंत उरकायचं आणि बॅटरी अडीअडचणीला राखायची. ठरवलं सगळ्यांनी आणि आठवडाभरात विसरलेही सगळेच. मग काकांनी गॅलरीत टोल टांगला. अकराला ठणाणा केला की लावा मशीन, तीनला केला की करा बंद. त्यानंतर कोणाची इस्त्री सापडली की काका दारात उभेच. मला एकदा अर्ध्या शर्टावर इस्त्री थांबवायला लावली होती. दुसऱ्या दिवशी एक बाही चुरगळलेलीच घेऊन मी मुलाखतीला गेले.

या कडकपणाचं कारण त्यांच्याच घरात होतं. काकूंची फुप्फुसं थकली आहेत. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालतं. बाहेरची वीज गेली की ते जिन्याखालच्या बॅटरीवर, आणि बॅटरी संपली तर जवळ फक्त तासाभराचा लहान सिलिंडर. काकांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. बायकोसाठी दारोदार हात पसरणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यापेक्षा टोल बडवणं सोपं होतं.

गेल्या महिन्यात तीन दिवस सूर्य दिसला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला बाहेरची वीजही गेली. वीजवाले फोनवर म्हणाले, सकाळ होईल. काका टॉर्च घेऊन जिन्याखाली गेले, तर बॅटरीच्या पडद्यावर चारातली एकच पट्टी शिल्लक. एकट्या मशीनला ती रात्रभर पुरली असती. बारा घरांचे दिवे-पंखे चालले, तर जेमतेम दोन तास. आता दार वाजवण्यावाचून इलाज नव्हता, आणि त्यांनी पहिलं वाजवलं ते माझं.

"एक विनंती होती," काका म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. "म्हणजे, जमत असेल तर…" तेवढ्यात टॉर्चचा झोत माझ्या खोलीत पडला आणि त्यांचा आवाज चिरकला. "अंधार का? बॅटरी गेली?"

"नाही काका. दिवे आम्हीच बंद केलेत. वीज गेली तेव्हाच, सगळ्या घरांनी."

"का?"

"का म्हणजे? काकूंचं मशीन चालायला नको?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दोन वर्षं माझ्या डोक्यावर घरघरतंय ते. मीच सगळ्यांना सांगितलं."

समोरच्या आजी दार किलकिलं करून ऐकत होत्याच. "नाहीतर तुमच्या टोलाला कोण भीक घालतंय हो?" त्या म्हणाल्या.

काका मटकन पायरीवर बसले. ओरडायला काही सापडेना, म्हणून चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. पुसायला हवे होते डोळे. मला त्या चिडक्या माणसाची फार माया वाटली. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

वरून काकूंचा बारीक आवाज आला. "अहो, काय झालं? काय म्हणतायत सगळे?"

काका अजून चष्माच पुसत होते.

मग मीच वर मान करून ओरडले, "काही नाही काकू. तुम्ही निवांत श्वास घ्या."