माझ्या साडूंची निष्पक्ष प्रश्नावली

इंग्लंडमध्ये रविवारी खरोखर चर्चला कोण जातं आणि जातो असं नुसतं सांगतं कोण, हे त्रिभुवनात दोघांनाच ठाऊक आहे. एक परमेश्वर आणि दुसरे माझे साडू. त्यातही परमेश्वराकडे तक्ते नाहीत. साडूंकडे आहेत. ब्रिटनमधल्या लोकांना त्यांच्या धर्माविषयी, श्रद्धेविषयी, प्रार्थनेविषयी जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरं तपासून, जुळवून, रकान्यांत बसवून देणं हे त्यांचं काम. त्यांची कंपनी लंडनची, कार्यालय सिंगापूरचं आणि साडू मूळचे पुण्याचे. इंग्लंडला ते एकदाच गेले होते, कंपनीच्या बैठकीसाठी, तीन दिवस. त्यांतला एक रविवार होता. साडू मुद्दाम एका चर्चच्या समोर बाकावर बसून आत जाणारी माणसं मोजत होते. पाऊस आला तरी उठले नाहीत. "छत्रीखाली दोन माणसं असली की चूक होते," एवढीच तक्रार त्यांनी परत आल्यावर केली.

साडूंना साधा प्रश्न विचारता येत नाही, म्हणजे आपल्याला विचारता येत नाही. "चहा घेणार ना?" असं माझ्या बायकोनं विचारलं की ते हो किंवा नाही म्हणत नाहीत. "या 'ना'मुळे होकार वाढतात," असं सांगतात आणि मग चहा घेतात. ते राहतात त्या बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, एक चिनी मावशी कॉफी विकते. तिनं पहिल्या दिवशी त्यांना विचारलं, "अंकल, वॉन्ट ऑर नॉट?" साडू जागच्या जागी उभे राहिले. मागे रांग होती. ते वळून मला म्हणाले, "ऐकलंत? हो आणि नाही, दोन्हीला सारखं वजन. लंडनच्या लोकांना वर्षानुवर्षं जमलं नाही ते हिला जमलंय." मावशीनं आणखी एकदा विचारलं, या वेळी जरा मोठ्यानं. तेव्हापासून त्यांची कॉफी तिथेच. आमच्याकडे चोआ चू कांगला मुक्कामाला उतरले तरी सकाळची कॉफी प्यायला ते बेडोकला जातात. सिंगापूरच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला.

एखादी गोष्ट पटली नाही की साडू वाद घालत नाहीत, प्रयोग करतात. इंग्लंडच्या जनगणनेत 'तुमचा धर्म कोणता?' असं विचारतात, तर दुसऱ्या एका पाहणीत 'तुम्ही स्वतःला एखाद्या धर्माचे मानता का?' असं. पहिल्या प्रश्नाला ख्रिस्ती म्हणवणारे पुष्कळ निघतात, दुसऱ्याला 'धर्म नाही' म्हणणारे. देश तोच आणि माणसंही तीच. हे मला खरं वाटेना. साडूंनी माझ्याच घरच्या हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषमंडळींना दोन खोल्यांत वाटलं. एकीत विचारलं, "तुमचा उपास कोणता?" कुणी संकष्टी म्हणालं, कुणी गुरुवार, एका बँकवाल्यानं थोडा विचार करून महाशिवरात्र सांगितली. दुसऱ्या खोलीत विचारलं, "तुम्ही उपास करता का?" तिथे सगळे हसले आणि एकानं बटाटेवडे आणखी आहेत का ते विचारलं. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्रात आयुष्य काढलं आहे. त्या दिवशी माझ्या जुन्या मथळ्यांपैकी काही मला आठवले.

इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मात्र प्रकरण अंगाशी आलं. माणसं मोजायचं एक छोटं यंत्र साडूंच्या खिशात कायम असतं. अंगठ्यानं दाबलं की टक् असा आवाज होतो आणि आकडा एकानं वाढतो. त्या वर्षी ते पाचही दिवस आरतीच्या वेळी सभागृहाच्या दाराशी उभे राहिले. उत्सवानंतर मंडळानं सभासदांना अभिप्रायाचा फॉर्म पाठवला. आरतीला आलो होतो असं सांगणारे मोजलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाले. साडूंनी हे सर्वसाधारण सभेत वाचून दाखवलं. अध्यक्ष संतापले. "अहो, तुम्ही देवाच्या दारात हजेरी घेता?"

"मी घेत नाही," साडू म्हणाले. "लोक देतात. जरा जास्तच देतात. पण वाईट वाटून घेऊ नका, इंग्लंडातही हेच आहे."

अध्यक्षांना इंग्लंडचा दिलासा पुरला नाही. पुढच्या वर्षी साडूंना दारापासून दूर, प्रसादाच्या टेबलावर नेमलं. तिथे त्यांनी पेढे मोजले.

या माणसाची एकुलती एक मुलगी शिकायला इंग्लंडला, लीड्सला गेली. गार्गी सिंगापूरमध्येच वाढली. मराठी बोलते, रागावली की सिंग्लिशवर, सिंगापूरच्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीवर, जाते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ती सुटीला घरी आली, तेव्हा जेवताना सहज म्हणाली की कॉलेजात कुणीतरी पाहणी करत होतं, धर्माचं विचारलं, तिनं 'धर्म नाही' सांगितलं. मी तिथेच होतो. माझ्या मेव्हणीच्या हातातला आमटीचा डाव थांबला. साडूंनी शांतपणे विचारलं, "प्रश्नाचे शब्द काय होते?" गार्गीनं सांगितले. "बरोबर आहेत," ते म्हणाले आणि भात कालवायला लागले. पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

कारण घरचा गणपती. तो साडूंच्या आजोबांपासून चालत आला आहे, आता बेडोकला नवव्या मजल्यावर दीड दिवस बसतो आणि स्वयंपाकघरात बादलीत विसर्जन पावतो. मूर्ती लिटिल इंडियातून आणायची ती गार्गीनं, टॅक्सीत मांडीवर घेऊन. ती सहा वर्षांची होती तेव्हापासूनचा हा रिवाज. पहिल्या वर्षी वाटेत झोपली होती, पण हात सुटले नव्हते. लीड्सला गेल्यावरही सुटी नेमकी भाद्रपदात येत असल्यामुळे खंड पडला नव्हता. आता चतुर्थी चार दिवसांवर आली होती आणि साडूंनी तिला काहीच विचारलं नव्हतं.

"सरळ विचारा ना पोरीला," मेव्हणी म्हणाली.

"सरळ म्हणजे कसं? 'मूर्ती आणायला येतेस ना?' असं? ती माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणेल. असा होकार मला नको."

आणि मग त्यांनी आपला निश्चय सांगितला. ते तिला लेखी विचारणार, तिच्यावर कसलाही दबाव न आणता. घरचा गणपती पुढे चालावा असं तिला वाटत नसेल, तर या वर्षीची मूर्ती शेवटची. आपल्यामागे तिच्या गळ्यात काही बांधून जायचं नाही. मेव्हणी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. साडूंनी ते दोन दिवस प्रश्नावली लिहिण्यात घालवले. आधी ती माझ्यावर तपासून पाहिली. मी उत्तरं फार पटापट दिली म्हणून दोन मसुदे फाडले. शेवटी तीन प्रश्न उरले. तू स्वतःला एखाद्या धर्माची मानतेस का? लग्न, मुंज, बारसं सोडून देवापुढे किती वेळा उभी राहतेस? घरचा गणपती पुढे चालू राहावा असं तुला वाटतं, वाटत नाही, सांगता येत नाही, की इतर? 'इतर'पुढे एक रिकामी ओळ होती. ही ओळ साडूंना आवडत नाही. लोक तिथे वाटेल ते लिहितात आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. पण ती न ठेवणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी फॉर्म पाकिटात घालून गार्गीच्या टेबलावर ठेवला. विचारणारा समोर असला की उत्तर बदलतं, म्हणून ते स्वतः घराबाहेर पडले आणि मला बरोबर घेतलं. आम्ही इमारतीच्या तळाशी, मोकळ्या जागेत, बुद्धिबळाचा पट कोरलेल्या दगडी टेबलाशी बसलो. साडूंचा हात खिशात होता. टक्. टक्. समोरून कुणीही जात नव्हतं.

"एक तक्ता आहे," ते म्हणाले. "आईबापांचा धर्म मुलांत किती उतरतो त्याचा. घरात धर्म असला तरी मुलांत उतरेलच असं नाही. धर्म नसणं मात्र बहुतेक उतरतं. मी तो दर वर्षी तपासतो. कधी काही वाटलं नाही."

मी "लीड्सचा वेगळा आकडा असेल," असं काहीतरी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

लिफ्टचं दार उघडलं. गार्गी बाहेर आली. पायात सपाता, काखेत पाट, खांद्यावर मूर्तीच्या तोंडावर घालायचा लाल रुमाल, दातांत पाकीट. ते तिनं टेबलावर टाकलं.

"बाबा, इथे काय बसलायस? चांगल्या मूर्ती संपतील. काका, तुम्ही पण ना, त्याला सांगायचं सोडून."

"फॉर्म भरलास?"

"भरला लाह. चल आता."

कुणीही बाप पाट पाहून उठला असता. साडू उठले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, पाकीट उघडलं आणि क्रमानं वाचलं. पहिल्या प्रश्नाला 'नाही'. दुसऱ्याला 'आपल्या गणपतीपुढे, दीड दिवस'. तिसऱ्याला 'इतर', आणि रिकाम्या ओळीत, कोपऱ्यापर्यंत बारीक होत गेलेल्या अक्षरांत, 'मूर्ती कोण आणणार ते तू विचारलंच नाहीस. मी आणणार. नेहमीसारखी.'

साडूंनी तो कागद दोनदा वाचला. इतक्या वर्षांच्या नोकरीत प्रश्नावलीतून हवा तो प्रश्नच गळाल्याचं त्यांच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. "पण वर 'नाही' लिहिलंयस," ते म्हणाले. "मग तुला कुठल्या रकान्यात टाकू?"

"नको टाकूस लाह," गार्गी म्हणाली. "धर्माचं विचारलंस, नाही म्हटलं. खोटं लिहू का? गणपती आपला आहे. टॅक्सी बोलव."

मी पुढे बसलो, ती दोघं मागे. येताना मूर्ती तिच्या मांडीवर होती, रुमालाखाली. साडूंचे दोन्ही हात खिशाबाहेर होते. एका वळणावर त्यांनी पाटाला हात लावला आणि ती म्हणाली, "धरलंय मी, बाबा."

साडू अजून तेच काम करतात. 'धर्म नाही' हा रकाना आला की पूर्वी सरसर खाली येणारं त्यांचं बोट तिथे थोडं थांबतं, हे मी पाहिलं आहे. काय बघता, असं विचारल्यावर म्हणाले, "यांच्यातले कितीजण मांडीवर काय घेऊन बसलेत, ते आपण विचारतच नाही."

गार्गीला लीड्सलाच नोकरी लागली. रजा मिळाली तर चतुर्थीला येते. मिळत नाही त्या वर्षी साडू एकटेच लिटिल इंडियाला जातात. मूर्ती मांडीवर घेत नाहीत. मागच्या सीटवर, तिच्या जागी ठेवतात, पट्टा लावतात आणि आपण पुढे बसून बेडोकपर्यंत मान वळवून पाहत येतात.