द्वादशीचे ताट

सकाळचे नर्मदास्नान आटोपून मी गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरी परतलो, तेव्हा खमरियाच्या क्वार्टरांतले एक गृहस्थ ओट्यावर बसलेले होते. मला पाहून ते उभे राहिले आणि वामनराव पहाटे गेल्याचे त्यांनी सांगितले. झोपेतच त्यांचे हृदय थांबले होते... चातुर्मास संपायला नऊ दिवस उरले होते. ती गणना त्याच क्षणी माझ्या मनात आली आणि अजून जात नाही.

वामनराव आणि मी नागपूरच्या एकाच पाठशाळेतले. मी पोथ्यांत राहिलो. ते मागच्या महायुद्धात फौजेच्या भांडाराचे कारकून म्हणून बसऱ्याला, तेथून इजिप्त आणि इटलीला गेले आणि परतल्यावर खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले. समुद्र ओलांडलेल्याच्या घरचे अन्न घ्यायचे नाही, हा आमच्या घराण्याचा नियम. मी प्रायश्चित्त सुचवले, तर ते हसून म्हणाले, "काहून शास्त्रीजी, देव काय नर्मदेच्या याच काठावर राहून राहिला का?"

मैत्री तुटली नाही. दर गुरुवारी संध्याकाळी मी स्वतःचा पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्याकडे जाई. ते माझ्यापुढे ताट वाढत, आपलेही वाढून घेत आणि सांगू लागत. इटलीतली म्हातारी शिळा पाव टमाट्याच्या रसात कसा मुरवते, नाईलकाठी वालासारखे दाणे रात्रभर हंड्यात कसे शिजतात... बसऱ्यात ते तापाने पडले असता एका नावाड्याने त्यांना घरी नेऊन वाळलेल्या काळ्या लिंबांचे कालवण भरवले होते. त्या लिंबांची पत्र्याची डबी त्यांनी जपून आणली होती. वर्षाकाठी एखादे लिंबू ते डाळीत घालत आणि मला म्हणत, "आज तरी."

यंदा भाद्रपदात युद्ध पेटले. कारखान्यात दुहेरी पाळ्या लागल्या. त्यांचे डोळे खोल गेले. त्या शेवटच्या गुरुवारी त्यांनी पुन्हा ती डाळ केली होती.

"एक घास घ्या न, शास्त्रीजी. मग मी काही म्हणणार नाही."

माझे मन वळले होते, खरोखरच वळले होते. परंतु परान्न न घेण्याचे व्रत होते. चातुर्मास संपू द्या, द्वादशीला तुमच्याच पंक्तीला बसेन, असे मी म्हणालो.

"चलो, द्वादशी पक्की," ते म्हणाले.

तेरावे झाल्यावर त्यांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी बसायला पाट दिला. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्या नावाड्याच्या घरी पाहुण्यानं पहिला घास घेतल्याशिवाय कोणी जेवत नव्हतं म्हणे. यांनी ते धरून ठेवलं. पाळीवरून उपाशी येत, आन् तुम्ही उठून गेल्यावर थंडं जेवत."

"मला काहून सांगितलं नाही?"

"सांगितलं तर शास्त्रीजी येणं सोडतील, म्हणत."

त्यांचे न शिवलेले ताट मी इतकी वर्षे समोर पाहिले, आणि बोलण्याच्या भरात जेवण राहते, असे समजलो... ती डाळ मला करून घालाल का, असे मी विचारले. वहिनींना ती येत नव्हती; ते ती आपल्याच हाताने करत. त्यांनी डबी माझ्या हाती दिली. आत दोन लिंबे उरली आहेत.

समुद्रलंघनाचे प्रायश्चित्त मला मुखोद्गत आहे. मित्राला उपाशी ठेवल्याचे मी पोथ्यांत शोधले, सापडले नाही. गुरुवारी संध्याकाळी सूनबाई माझे पान वाढते. मी डबी समोर ठेवून बसतो. अन्न निवत जाते. पहिला घास कोणी घेत नाही.