शमीमभाभींनी ऐकलेला तडा

गेल्या रविवारी पौडला लोहाराच्या भट्टीसमोर जवळजवळ अख्खा दिवस काढला… आणि सुट्टी फुकट गेली असं एकदाही वाटलं नाही.

झालं असं, की मुळशीतल्या माले गावात राहणाऱ्या माझ्या मामाची जुनी कुऱ्हाड लाकडं फोडताना दांड्यावरून निसटली. पातं मामीच्या कानाजवळून सणसणत गेलं आणि गोठ्याच्या कुडात रुतलं. मामीला खरचटलंसुद्धा नाही, पण तिने जाहीर केलं, "नवी कुऱ्हाड आल्याबिगर सरपणाला हात लावायचा न्हाई!"

पावसाळ्याआधी सरपण भरून ठेवायचं होतं. मग काय, मी गाडी काढली, मामाला मागे बसवलं आणि पौड गाठलं. मामाच्या हातात धामणीच्या लाकडाचा दांडा… चुलीवरच्या धुरात वाळवून काळपट झालेला, तेल पाजलेला.

दुकानात तयार कुऱ्हाडी मिळतात. पण मामाला रज्जाकभाईंच्याच हातची हवी होती. रज्जाकभाई आणि त्यांच्या बायको शमीमभाभी, दोघं मिळून भट्टी चालवतात. भाई सांडशीत लोखंड धरतात, लहान हातोडीने जागा दाखवतात, आणि भाभी बरोब्बर तिथेच घण घालतात.

मी स्वतः पिरंगुटच्या एका कंपनीत हीट ट्रीटमेंटला आहे. लोखंड तापवणं आणि थंड करणं हेच माझं रोजचं काम. पण आमच्याकडे फर्नेसचं दार बंद, आत काय चाललंय ते स्क्रीनवर बघायचं. इथे सगळं डोळ्यांसमोर…

ट्रॅक्टरच्या जुन्या एक्सलचा तुकडा भट्टीत केशरी झाला. भाभींनी ओढणी कमरेला बांधली आणि घण उचलला. टक्… धाड! टक्… धाड! दोघांत एक शब्द नाही. तुकडा चपटा झाला, एका बाजूला पसरत गेला, दुसऱ्या बाजूला दांड्यासाठी भोक पडलं. बघता बघता त्यातून कुऱ्हाड दिसायला लागली. मी आणि मामा नुसते बघत बसलो होतो. चहा आला तो तसाच गार झाला.

मग धारेला पाणी पाजायची वेळ आली. तापलेली धार पाण्यात बुडवली की कडक होते, पण कधी कधी तिथेच तडकते. रज्जाकभाईंनी फक्त धारेचा भाग पाण्यात धरला. चर्रर्र… वाफ निघाली. मामाने दांडा पुढे केलासुद्धा!

भाभी म्हणाल्या, "थांबा."

त्यांनी कुऱ्हाडीच्या भोकातून तार ओवली, ती लटकती धरली आणि हातोडीने हलकेच टिचकी मारल्यासारखं वाजवलं. परत वाजवलं. "बद बोलतीय ही. तडा गेलाय."

रज्जाकभाईंनी पातं उन्हात फिरवून फिरवून बघितलं. "कुटं गेलाय? मला तर काय दिसंना."

"दिसत न्हाई म्हून न्हाई, असं हाय व्हय?"

मागे कोयते, विळे, नांगराचे फाळ घेऊन माणसं खोळंबली होती. त्यातलं कुणीतरी म्हणालं, "द्या की वो, लाकडंच तर फोडायचीत." भाभींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "कपची उडाली तर मामांच्या डोळ्यात जाईल. मी न्हाई देणार."

मीही कान देऊन ऐकलं होतं. खरं सांगतो, मला फरक कळला नव्हता. पण कंपनीत तडे शोधायची आमची एक पद्धत आहे, ती आठवली. शेजारच्या टेलरकडून खडू आणला, भट्टी पेटवायला ठेवलेल्या बाटलीतलं थोडं रॉकेल घेतलं. पातं गार झाल्यावर रॉकेल चोळलं, जरा मुरू दिलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरवली.

सगळे वाकून बघायला लागले. आधी काहीच नाही… मग पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक ओली रेघ उमटली. धारेच्या कोपऱ्यापासून निघून आत, थेट भोकाच्या दिशेने.

रज्जाकभाई रेघेकडे बघत राहिले. मला वाटलं, आता चिडतात की काय! पण ते मोठ्याने हसले आणि रांगेतल्या लोकांना म्हणाले, "बघा रं! माझी बायको लोखंडाच्या पोटातलं ऐकती!" त्या आवाजात इतकं कौतुक होतं, की भाभीच लाजून भट्टीकडे वळल्या.

ती कुऱ्हाड बाजूला टाकली आणि नवा तुकडा भट्टीत गेला. पुन्हा सगळं पहिल्यापासून, तसंच मन लावून. या वेळी भाईंनी पाणी आधी जरा कोमट करून घेतलं. भाभींनी पातं वाजवलं… आणि खण्ण! देवळातली घंटा वाजावी तसा आवाज. हा फरक मलासुद्धा कळला. तरी भाभी म्हणाल्या, "लाव तुजा खडू." लावला. पूड पांढरीच्या पांढरी!

धार ठिसूळ राहू नये म्हणून मंद आचेवर जरा शेकून घेतली, मग दांडा बसवला. रज्जाकभाईंनी दांडा भोकात घातला, कुऱ्हाड उलटी लटकती धरली आणि दांड्याच्या बुडावर हातोडा मारायला लागले. प्रत्येक ठोक्याला लोखंड आपोआप दांड्यावर वर चढत गेलं. शेवटी वरून लाकडाची पाचर ठोकली. मामाने ओढून बघितलं, झटकून बघितलं. जागची हलेना.

निघताना मी भाभींना विचारलं, हे ऐकायला शिकलात कुठे? त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं ह्यांचं ऐकून घेतीया… लोखंडाचं ऐकायला काय लागतंय!" रज्जाकभाईंसकट सगळी रांग हसली.

परत येताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. काम झाल्यासारखं दिसत असतं, गिऱ्हाईक हात पुढे करून उभं असतं, चूक कुणालाही दिसलेली नसते… आणि तरी कुणीतरी "थांबा" म्हणतं. अशा किती माणसांच्या हातच्या वस्तू आपण रोज वापरतो आणि संध्याकाळी धडधाकट घरी येतो… त्यांची नावंही आपल्याला माहीत नसतात. मला निदान एक तरी नाव कळलं.